ओटीपी गेला कुठे?

आई दुपारी फोन करत नाही. जेवणं आटोपली की साडेतीनपर्यंत ती आडवी होते आणि ती वेळ आम्ही भावंडं पाळतो. त्यामुळे नोव्हेंबर २०२४ मध्ये एका दुपारी अडीच वाजता तिचा फोन आला, तेव्हा उचलण्याआधीच पोटात गोळा आला.

"पेन्शनच्या ऑफिसातून फोन आलेला," ती म्हणाली. "मोबाईलवर नंबर येईल तो सांगा म्हणत होता. तीनदा पाठवला म्हणे, माझ्याकडे काही येईना. शेवटी रागावून ठेवला त्याने. आता पेन्शन बंद तर करणार नाहीत ना गो?"

गोव्यातल्या पुष्कळ घरांसारखं आमच्याही घरात बोलणं कोंकणीत आणि लिहिणं-वाचणं मराठीत. तिचं बोलणं मी इथे मराठीत लिहिते आहे, एखादा शब्द सोडून.

बाबा डिचोली तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मास्तर होते. जून २०२३ मध्ये, पाऊस धरायच्या दिवसांत ते गेले. तेव्हापासून आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांनी हयातीचा दाखला द्यायचा महिना. २०१४ पासून तो 'जीवन प्रमाण' म्हणून आधारच्या मदतीने घरबसल्याही देता येतो. फोन करणाऱ्याने महिना बरोबर निवडला होता. आईने त्याला एटीएम कार्डावरचा नंबर वाचून दाखवला होता. "त्याला सगळं ठाऊक होतं," ती म्हणाली. "ह्यांचं पूर्ण नाव, गेल्याची तारीख, तुझ्या नवऱ्याचं नाव, वहिनीचं नाव. म्हटलं, एवढं माहीत आहे म्हणजे सरकारीच असणार."

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून आजही जात नाही.

आधी कार्ड बंद केलं. पैसे गेले नव्हते. गेले असते तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर करायचा, आणि तोही लगेच. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आली तर तेवढ्या वेळातच येते. पैसे शाबूत असल्यामुळे मी दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षू'मध्ये त्या नंबरची तक्रार नोंदवली. पुन्हा खुर्चीत बसले तेव्हा आईच्या बोलण्यातली एक गोष्ट उशिरा ध्यानात आली. त्याने तीनदा ओटीपी पाठवला होता आणि आईच्या मोबाईलवर एकही आला नव्हता. मग तो गेला कुठे?

आईला पासबुक काढायला लावलं. पहिल्या पानावर बाबांचा नंबर होता.

तो तिथे असणारच होता. आमच्या घरात बाबांचा नंबर म्हणजेच घराचा नंबर. फॉर्म कुठलाही असो, मोबाईलच्या चौकटीत आम्ही सगळे तोच लिहायचो. ते गेल्यावर पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आम्ही बंद करून कपाटात ठेवला. रिचार्ज करायला हवं हे कुणालाही सुचलं नाही. पुढे एका सकाळी कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बाबा ग्रुप सोडून गेल्याची ओळ दिसली. आई त्या दिवशी जेवली नव्हती. १२० दिवस न वापरलेलं खातं व्हॉट्सअ‍ॅप सहसा काढून टाकतं, हे मला नंतर कळलं. त्या ओळीने आम्हाला काय सांगितलं होतं ते तेव्हाच वाचायला हवं होतं. सलग ९० दिवस न वापरलेला नंबर कंपनी बंद करू शकते. बंद झाल्यावर आणखी किमान ९० दिवस तो कुणाला दिला जात नाही. त्यानंतर तो बाजारात येतो.

मी बाबांचा नंबर फिरवला. माझ्या मोबाईलवर 'बाबा' असं नाव आलं आणि रिंग वाजायला लागली. ते दहा-पंधरा सेकंद मी शब्दांत मांडू शकणार नाही.

एका तरुण मुलाने उचलला. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. गाव जालना जिल्ह्यातलं. दूरसंचार खात्याच्या हिशेबात मुंबई सोडून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच सर्कल आहे, त्यामुळे डिचोलीतला नंबर जालन्याला जाऊ शकतो. मी सांगितलं, हा नंबर माझ्या वडिलांचा होता. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही.

"ताई, मला मार्चमधी भेटला हा नंबर. दुकानदारानं दिला तो घेतला. मला काय माहीत?"

"तुझी काही चूक नाही. फक्त एक सांग, त्यावर बँकेचे मेसेज येतात का?"

"येतेत की. दर म्हैन्याला पैसे जमा झाल्याचा येतो. आधी वाटलं, माझ्याच खात्यात कोणी टाकायलंय. आज दुपारी तीन ओटीपी आले. मी कुणाला सांगितले न्हाईत ताई, खरंच."

मी त्याचे आभार मानले. त्याने विचारलं, "वडील कधी वारले?" मी सांगितलं. आठ महिने माझ्या आईच्या खात्याची किल्ली जालन्यातल्या एका मुलाच्या खिशात होती आणि त्याने तिला हात लावला नव्हता. तो नंबर दुसऱ्या कुणाला मिळाला असता तर, हा विचार मी त्या रात्री पुष्कळ वेळ केला.

झोप येईना म्हणून वही काढली आणि बाबांचा नंबर कुठे कुठे दिला आहे ते आठवून लिहीत गेले. आईचं आधार. आईची दोन बँक खाती. गॅस. वीजबिल. भावाचा जुना डिमॅट फॉर्म. मग आठवलं, माझं पहिलं जीमेल खातं मी २००८ मध्ये बाबांच्याच संगणकावर उघडलं होतं. सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं. पासवर्ड विसरल्यास कोड पाठवायचा नंबर म्हणून तिथे बाबांचाच नंबर होता. ज्या पत्त्यावर माझी शिक्षणाची, नोकरीची आणि बँकेची सगळी पत्रं येतात, त्याचं मागचं दार वर्षानुवर्षं त्या नंबरवर टेकलेलं होतं.

ते दार मी त्याच रात्री बदललं. नवा नंबर घातला, दोन टप्प्यांची पडताळणी सुरू केली आणि एसएमएसऐवजी फोनमध्येच कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप जोडलं. गूगल आठ-आठ अंकांचे दहा बॅकअप कोड देतं, ते कागदावर छापून दागिन्यांच्या डब्यात ठेवले. फोन हरवला तर तो कागद लागतो. कोड फोनमध्येच ठेवणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांना मी कळवळून सांगते की कागदावर घ्या.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून फोंड्याहून माशेल-आमोणेमार्गे घरी गेले. बँकेत नंबर बदलायला दोन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला आईची सही जुन्या सहीशी जुळेना. वयाने सही बदलते, माणूस बदलत नाही, हे काउंटरवर समजावताना आईच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे जानेवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून बँकांना सांगितलं की, कायमच्या बंद झालेल्या नंबरांची जी यादी सरकारकडे असते तिच्याशी आपल्या नोंदी ताडून पाहा. आमच्यासारखी घरं किती असतील याचा त्यावरून अंदाज येतो. त्याच परिपत्रकात आहे की, व्यवहाराबद्दल ग्राहकाला फोन करायचा तर बँकांनी १६०० पासून सुरू होणाऱ्या नंबरांवरूनच करायचा. मी आईला हे चार अंक मोठ्या अक्षरात लिहून दिले आहेत.

आधारचं काम मला सगळ्यात अवघड जाईल असं वाटलं होतं. मोबाईल नंबर बदलायला तेव्हा केंद्रावर जावंच लागायचं, पण कुठलाही कागद लागत नव्हता. लागायचे ते स्वतः माणूस आणि ५० रुपये. आईच्या बोटांचे ठसे मात्र उमटेनात. आयुष्यभर नारळ किसून, भांडी घासून त्या रेषा पुसट झाल्या आहेत. यंत्रावरच्या मुलीने ओल्या फडक्याने बोटं पुसली, दुसरी बोटं घेतली, शेवटी डोळ्यांच्या बुबुळांवर काम झालं. तिने एकदाही आवाज चढवला नाही. पाच दिवसांनी आईच्या स्वतःच्या फोनवर, तिच्या स्वतःच्या नावाने मेसेज आला. तोपर्यंत तिच्या नावाने कुठल्या खात्याचा मेसेज तिच्या फोनवर आलेला मला आठवत नाही.

नंबर जोडला गेल्याबरोबर तिचं बायोमेट्रिक लॉक केलं. बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा एवढ्यावर खात्यातून रक्कम काढता येते. खेड्यापाड्यांत ती मोठी सोय आहे, पण नकली ठसे वापरून लोकांची खाती रिकामी केल्याचे प्रकारही झाले आहेत. लॉक असेल तर ठसा चालत नाही आणि हवं तेव्हा थोड्या वेळापुरतं ते उघडता येतं. झेरॉक्स मागणाऱ्यांना आता आम्ही शेवटचे चारच अंक दिसणारं आधार देतो. संचार साथीवर आईच्या नावाने किती सिमकार्डं आहेत तेही पाहिलं. दोन दिसली. एक तिचं, दुसरं कुणाचं ते देवाला ठाऊक. 'हा माझा नंबर नाही' यावर टिचकी मारली आणि ते काम तिथेच संपलं.

पण मला टोचत होता तो दुसराच प्रश्न. त्या माणसाला आमची नावं कुठून मिळाली?

बाबांचं नाव मी देवनागरीत शोधलं, फारसं काही आलं नाही. मग रोमनमध्ये. आमच्याकडे आडनावाचं रोमन लिखाण हे एक प्रकरणच आहे. पोर्तुगीज काळात नोंदवलेल्या नावांत नाईक 'क्यू-यू-ई'ने संपतो, शेटची सुरुवात 'एक्स'ने होते. आमचंही आडनाव जन्मनोंदीत एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं आणि आधारवर तिसरं. जन्मनोंदीतलं स्पेलिंग टाकलं आणि गोवा सरकारच्या राजपत्राचा एक अंक समोर आला.

बाबा गेल्यावर आम्ही उपनिबंधकांकडे, म्हणजे विशेष नोटरीकडे, डीड ऑफ सक्सेशन केलं होतं. गोव्यात वारस ठरवायची ही रीत पोर्तुगीज कायद्यातून आली आहे आणि आता ती २०१२ च्या वारसा कायद्यात आहे. दस्त झाला की कुणाची हरकत असल्यास ती यावी म्हणून त्याची जाहीर सूचना निघते. राजपत्राच्या तिसऱ्या मालिकेत असल्या सूचना वर्षानुवर्षं छापल्या जातात आणि आता ते अंक पीडीएफ होऊन इंटरनेटवर आहेत. त्यात मृताचं नाव, मृत्यूची तारीख, अर्ध्या मालमत्तेची धनीण म्हणून विधवेचं नाव आणि मग मुलं. आमच्याकडे लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक धरली जाते, म्हणून प्रत्येक मुलाच्या नावापुढे जोडीदाराचंही नाव येतं. फोनवरच्या माणसाने नावं ज्या क्रमाने घेतली होती, त्याच क्रमाने ती तिथे होती. त्याने तीच सूचना वाचली होती याचा पुरावा माझ्याकडे नाही, पण मला दुसरा खुलासा सुचत नाही. आईचा मोबाईल नंबर निवृत्तांच्या एका यादीत सापडला. कुणीतरी ती यादी पत्ते आणि जन्मतारखांसकट इंटरनेटवर टाकून ठेवली होती.

यादीबद्दल मी लिहून कळवलं आणि महिन्याभराने ती निघाली. त्यानंतरही काही आठवडे शोधात तिचा मजकूर दिसत होता. मूळ पान गेल्यावर गूगलला कालबाह्य मजकूर कळवायची सोय आहे, ती वापरली. राजपत्राचं मात्र काही करता येत नाही, आणि करावं असं मला वाटतही नाही. ती सूचना जाहीर असते म्हणूनच एखाद्या वारसाला डावलता येत नाही. ज्या गोव्यात जमिनी बळकावण्याच्या प्रकरणांसाठी २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमावं लागलं, तिथे हा उघडेपणा मोलाचा आहे. एक-चौदाचा उतारा, म्हणजे आमच्याकडचा सातबारा, ऑनलाइन दिसतो म्हणून परदेशात असलेल्या माणसाला आपल्या जमिनीवर लक्ष ठेवता येतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आपली माहिती खोडून घ्यायचा हक्क आहे, पण कायद्यानेच जाहीर करावी लागणारी माहिती त्यातून वगळली आहे. मला ते योग्य वाटतं.

मग बदलायचं ते आम्हीच. 'आईचं माहेरचं आडनाव काय' हा प्रश्न मी किती ठिकाणी गुप्त म्हणून निवडला होता! ज्यांचं हे सगळं जन्मनोंदी, दस्त आणि सूचनांमधून बाहेर पडतं, त्या माणसांनी तो निवडूच नये. जिथे असे प्रश्न काढून टाकता आले तिथे काढले, बाकी ठिकाणी खऱ्या उत्तराच्या जागी भलतंच उत्तर लिहून ते वहीत टिपून ठेवलं. आणि आईशी बसून पुन्हा पुन्हा बोलले. ज्याला आपलं सगळं ठाऊक आहे तो आपला माणूस, हे गावात खरं होतं. पाव विकणाऱ्या पोदेरापासून कदंब बसच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांना सगळ्यांचं ठाऊक असायचं आणि त्यावर विश्वास चालायचा. तिची ती सवय मोडताना मला फार जड गेलं. आता कुणीही कितीही खरं सांगितलं तरी ती म्हणते, "मुलीशी बोलून सांगते," आणि फोन ठेवते.

यानंतर बाबांची खाती.

त्यांच्या जीमेलला मुदत होती. गूगल दोन वर्षं न वापरलेली खाती काढून टाकू शकतं, म्हणजे जून २०२५. मृत व्यक्तीच्या खात्याबद्दल कुटुंबाने अर्ज करायची रीतसर वाट आहे, पण बाबांनी पासवर्ड त्यांच्या दैनंदिनीच्या शेवटच्या पानावर, मास्तरांच्या सुबक अक्षरात लिहून ठेवला होता. मी तो वापरला. आत रविवारच्या पुरवण्यांना पाठवलेले चाळीसेक लेख होते, काही छापून आलेले, काही परत आलेले. गावातल्या जत्रेच्या नाटकांवर, बायकांच्या धालो नाचगाण्यांवर, चवथीला गणपतीच्या वर टांगतात त्या माटोळीत पूर्वी बांधायच्या आणि आता रानात न मिळणाऱ्या फळांवर. एका लेखाचे सात मसुदे होते. गूगलच्या टेकआउट या सोयीतून सगळं उतरवून घेतलं आणि तीन ठिकाणी ठेवलं. त्या कामाला दोन दिवस पुरले असते, मला तीन आठवडे लागले, कारण मी वाचत बसायचे.

फेसबुकवर त्यांच्या वाढदिवसाला लोक अजून 'शतायुषी व्हा' लिहीत होते. मृत्यूचा दाखला देऊन ते खातं स्मरणार्थ करून घेतलं. नावाआधी आता तसं लिहून येतं आणि वाढदिवसाच्या सूचना जात नाहीत. त्यांचं दुसरं एक विसरलेलं खातंही होतं, त्यावर एकच पोस्ट, माझ्या लग्नाचा फोटो. भाऊ म्हणाला, काढून टाकूया. मी नको म्हटलं. आम्ही त्यावर चक्क भांडलो. ते अजून आहे.

माझं स्वतःचं आवरणं त्या मानाने सोपं गेलं. आपली माहिती कुठून फुटली आहे ते दाखवणाऱ्या 'हॅव आय बीन पोन्ड' या साइटवर माझा ईमेल टाकला तर तो चार वेगवेगळ्या गळतींमध्ये सापडला. एकाच पासवर्डला पुढे आकडे जोडत मी सगळीकडे वापरला होता. पासवर्ड मॅनेजर घेतला, महत्त्वाच्या खात्यांपासून सुरुवात करून बदलत गेले. न लागणारी खाती बंद केली. फेसबुकसारख्या ठिकाणी त्याला ३० दिवस थांबावं लागतं आणि मध्ये चुकून लॉग-इन केलं तर बंद व्हायचं राहतं. गूगलचं 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' मात्र मी मनापासून भरलं. मी किती महिने दिसले नाही तर कुणाला कळवायचं आणि काय काय सोपवायचं हे त्यात आधी सांगून ठेवता येतं, जास्तीत जास्त दहा माणसांपर्यंत. मी सहा महिने निवडले आणि मुलीचं नाव घातलं. ती विचारत होती, "आई, हे आत्ता कशाला?" मी तिला दैनंदिनीचं ते शेवटचं पान दाखवलं.

फेब्रुवारीपर्यंत वहीतल्या बहुतेक ओळींवर रेघ आली. जालन्याच्या मुलाचा मेसेज आला, "ताई, आता बँकेचे मेसेज यायचे बंद झाले. गॅसचाबी नाही येत." मी त्याला लिहिलं की त्यानेही आपल्या घरच्यांचे नंबर एकदा तपासून पाहावेत. त्याच्या घरी आई-वडील, आजी आणि दोन बहिणी, सगळ्यांच्या कागदांवर त्याच्या वडिलांचा एकच नंबर होता.

आईच्या मोबाईलमध्ये 'हे' या नावाने बाबांचा नंबर अजून जतन आहे. तो काढायला मी हात पुढे केला तर ती म्हणाली, "तो काडूं नाका गो." मी फोन परत दिला.

पुढच्या जत्रेच्या आठवड्यात त्या मुलाने एक फोटो पाठवला. देवस्थानच्या समितीकडून बाबांच्या नंबरवर आलेलं निमंत्रण होतं, पालखीच्या आणि नाटकाच्या वेळांसकट. खाली त्याने लिहिलं होतं, "ताई हे तुमच्याकडचं दिसतंय. हा पण बंद करायला सांगू का?"

वहीत ही ओळ नव्हती. मी आईला वाचून दाखवलं. तिने चष्मा लावून तो फोटो पुष्कळ वेळ पाहिला.

"आसूं दी," ती म्हणाली. "आणि त्याला लिही, ये म्हणावं जत्रेला."